शारजाहून येणाऱ्या गोळ्या

येवल्यात पैठणी विणणारी जोडपी पुष्कळ आहेत, पण निसार आणि ताहेरा एका मागावर बसले की शेजारची लंकाबाई दारातून बघत राहायची. "ह्ये दोन माणसं नाय," ती म्हणायची, "एकाच माणसाला चार हात फुटलेत." भरगच्च पदर विणायचा असला की दोघं एका फळीवर खांद्याला खांदा लावून बसत. डाव्या बाजूचे मोर निसार भरी, उजव्या बाजूचे ताहेरा. बोलणं फारसं नसे. त्याचं रेशीम संपत आलं की तो मान वर न करता हात पुढे करी आणि ती न विचारता हव्या त्या रंगाची कांडी त्याच्या तळहातावर ठेवी. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती, तरी दुपारी जेवण उरकून परत मागावर बसायची तिला घाई असे. ती घाई कामाची नव्हती, हे तिचं तिला ठाऊक होतं.

अशाच एका दुपारी विणता विणता तिच्या मांड्यांना खाज सुटली. डास चावले असतील म्हणून तिने लक्ष दिलं नाही. संध्याकाळी पाहते तर जिथे जिथे फळीची कड टेकली होती तिथे लाल, जाड गांधी उठलेल्या. सकाळपर्यंत त्या गेल्या आणि पोटावर नव्या आल्या.

"पित्त हाय गं, दुसरं काय नाय," लंकाबाई म्हणाली आणि आमसुलाचं पाणी करून घेऊन आली. मग गेरू लावून झाला. दर्ग्यातून पाणी आणून झालं. वांगी बंद झाली, अंडी बंद झाली, मासे तर घरात येईनासे झाले. एकदा कुणीतरी सांगितलं म्हणून तिने ऐन मे महिन्यात घोंगडी पांघरली आणि घामाने गांधी दुप्पट झाल्या. कधी ओठ सुजायचे, कधी डोळा उघडायचा नाही. कधी तळहात असे फुगायचे की कांडी बोटांत धरवायची नाही.

नाशिकला कॉलेज रोडवर मनीषा मॅडम म्हणून त्वचेच्या डॉक्टर होत्या. सहा महिने हात चोळून झाल्यावर निसार तिला तिकडे घेऊन गेला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी हे सांगितलं, "तुम्ही काही चुकीचं खाल्लंत म्हणून हे झालेलं नाही. कुणाचा संसर्गही नाही. तुमचं शरीरच कारण नसताना घाबरून उठतंय. काहींना जिथे दाब पडतो तिथे काही तासांनी गांध येते, तसं तुमचं आहे." ताहेराला रडूच आलं. इतक्या दिवसांत तिचा दोष नाही असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्या, वाढवत वाढवत चौपट झाल्या. खाज थोडी दबली आणि झोप एवढी यायची की मागावर डुलक्या लागायच्या. मग दर महिन्याचं इंजेक्शन. पहिल्या वर्षी त्याने बराच आराम पडला, पुढे पुढे तोही ओसरला.

या सगळ्यात एक गोष्ट अशी घडली, जिच्याबद्दल दोघांपैकी कुणी कधी बोललं नाही. एका सकाळी बाहेर जाता जाता निसारने सहज तिच्या खांद्यावर हात ठेवला. नेहमीचाच हात. संध्याकाळी ती केस विंचरत होती आणि ओढणी खांद्यावरून घसरली. निसारला दिसलं. खांद्यावर त्याची चार बोटं उमटली होती, फुगीर, लालभडक, जणू कुणी मारलं असावं. दुसऱ्या दिवसापासून फळीवर दोघांच्या मध्ये एक वीत जागा राहू लागली. रात्री त्याची चटई खिडकीकडे सरकली. भांडण झालं असतं तर ताहेराने ते मिटवलं असतं. पण ही तर माया होती, आणि मायेला काय म्हणून अडवायचं ते तिला सुचेना.

होता होता तिचं मागावर बसणं बंद झालं. एकट्याच्या हाताने साडी निघायला दुप्पट वेळ लागायचा, वर लेकीचं, खुशनुमाचं, औषधशास्त्राचं शिक्षण आणि इंजेक्शनं. निसारने माग विकला. शारजात बायकांच्या झग्यांवर जरीकाम करणाऱ्या एका दुकानात त्याला काम मिळालं. निघताना तो दारात उभा राहिला, हात खिशात घालून. "तब्येतीला जप," एवढंच म्हणाला. ताहेराला त्या खिशातल्या हातांचा फार राग आला आणि फार दया आली.

वर्षं गेली. खुशनुमाचं लग्न झालं, ती नाशिकला वडाळा नाक्याजवळ राहायला गेली आणि तिथल्याच एका मेडिकलमध्ये कामाला लागली. निसार लग्नाला येऊन गेला, आणखी एकदा येऊन गेला. दोन्ही वेळा पाहुण्यासारखा लांब बसला. रोज संध्याकाळी मात्र न चुकता त्याचा फोन यायचा. "आज कसं आहे?" "आहे तसंच." मग तो तिकडच्या उन्हाचं सांगायचा, ती इकडच्या पाण्याचं. फोन ठेवला की ताहेरा थोडा वेळ तसाच तो मांडीवर घेऊन बसायची.

मग एका तपासणीला मनीषा मॅडम म्हणाल्या, "एक नवीन गोळी आलीय. मुद्दाम याच आजारासाठी. आधी अमेरिकेत मंजूर झाली, आता अमिरातीतही झालीय. आपल्याकडे अजून विकायला नाही."

खुशनुमा शेजारीच बसली होती. "अमिरातीत? मॅडम, अब्बा शारजालाच असतात."

"मग प्रयत्न करून बघा. स्वतःपुरतं औषध बाहेरून आणायला सरकारची परवानगी मिळते. माझी चिठ्ठी लागेल, कागदपत्रं लागतील, वेळ लागेल. आणि लागू पडेलच असं मी सांगू शकत नाही. बऱ्याच जणांना पडते, सगळ्यांना नाही."

संध्याकाळी हे ऐकून निसारचा आवाजच बदलला. इतकी वर्षं आपण नुसते पैसे पाठवतो, कशालाच उपयोगी नाही, असं त्याला वाटत असावं. "मी राहतो तिथेच गोळी आहे?" त्याने तीनतीनदा विचारलं. आणि जेवण तसंच टाकून औषधाच्या दुकानात गेला. दुकानदाराने नाशिकची चिठ्ठी पाहून परत दिली. तिथल्या डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय ही गोळी देता येत नव्हती. त्याच्या खोलीतला एक सोबती म्हणाला, कशाला एवढं, माझ्या ओळखीत एक जण चिठ्ठीशिवाय देतो, गावी जाणाऱ्या कुणाच्या तरी सामानात टाकून दे. निसार कबूल व्हायच्या बेतात होता. खुशनुमाने फोनवरच त्याला थांबवलं.

"अब्बा, डब्यावर नाव बरोबर असेल. आत काय आहे ते कोण सांगणार? अम्मीच्या पोटात जायचंय ते."

शेवटी त्याच्या दुकानाच्या मालकाने ओळखीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे त्याला पाठवलं. त्यांनी मनीषा मॅडमचे सगळे कागद वाचले, रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि सांगितलं, पेशंटला बघितल्याशिवाय लिहिणार नाही, निदान फोनवर तरी दाखवा.

म्हणून एका दुपारी ताहेरा खुशनुमाच्या घरी मोबाइलसमोर बसली. पलीकडे डॉक्टरीणबाई आणि त्यांच्या शेजारी खुर्चीच्या टोकावर निसार. बाई इंग्रजीत विचारायच्या, निसार तोडक्यामोडक्या इंग्रजीत उत्तरं द्यायचा.

"गांधी कुठे कुठे येतात?"

निसार सांगू लागला. तो ताहेराकडे पाहत नव्हता, डोळे मिटल्यासारखे करून आठवून सांगत होता. मांड्यांवर, फळी टेकते तिथे. पोटावर, सलवारीची नाडी बांधते तिथे. उजव्या तळहातावर, डाव्यापेक्षा जास्त. खांद्यावर. खांद्यावर म्हणताना तो जरा अडखळला. डाव्या पायाच्या घोट्याच्या आतल्या बाजूला, तिथे आली की ती दुसऱ्या पायाने घासते.

खुशनुमा हळू आवाजात अर्थ सांगत होती, ताहेरा ऐकत राहिली. घोट्याचं तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"आता तिथे नाही येत," ती हळूच म्हणाली. "घोट्यावर येऊन तीन-चार वर्षं झाली. आता मानेवर येतात. पाठीवर, मधोमध. हात पोचत नाही तिथे."

निसारने मान वर केली. पडद्यावर त्याचा चेहरा क्षणभर गोठल्यासारखा झाला. खुशनुमाला वाटलं नेट गेलं. पण नेट गेलं नव्हतं.

"मानेवर?" तो म्हणाला. "मला कुठे माहीत होतं?"

"तुम्ही विचारता, 'कसं आहे?' मी सांगते, 'आहे तसंच.'"

डॉक्टरीणबाई थांबल्या होत्या. निसारने त्यांना वळून इंग्रजीत सांगितलं, मान, पाठ, मधोमध. सांगताना आपल्याच मानेमागे हात नेऊन दाखवलं. तो हात तिथे बराच वेळ राहिला.

चिठ्ठी मिळाली. इकडे खुशनुमाने परवानगीचा अर्ज भरला, मॅडमचं पत्र जोडलं, एकदा परत आला तो दुरुस्त करून पुन्हा पाठवला. परवानगी आली त्या दिवशी तिने अम्मीला व्हिडिओ कॉल करून तो कागद कॅमेऱ्यासमोर धरला. गोळ्या निघाल्या आणि मुंबईच्या विमानतळावर अडकल्या, कारण आधार कार्डावर ताहेराबी होतं आणि चिठ्ठीवर नुसतं ताहेरा. मी म्हणजे तीच मी, असं वकिलाकडून लिहून घेताना ताहेराला हसू आलं. वकील म्हणाला, हसू नका, सही इथे करा.

अखेर डबा घरी आला. सकाळी एक, संध्याकाळी एक. रक्ताची तपासणी ठरल्या वेळी करायची, कुठे काळंनिळं पडलं किंवा रक्त आलं तर लगेच कळवायचं, दात काढायचा असला तरी आधी विचारायचं, असं मॅडमनी दोनदा बजावलं. पहिली गोळी घेताना ताहेराने बिस्मिल्ला म्हटलं. लंकाबाई समोर बसली होती, तिनेही हात जोडले.

पहिले काही दिवस विशेष काही नाही. मग खाज कमी झाली. मग एका सकाळी उठून पाहिलं तर अंगावर काहीच नव्हतं. ताहेराने आरशात पाठ वळवून पाहिली. बाह्या वर केल्या. कातडी आपली साधी, गव्हाळ, गप्प. तिचा विश्वास बसेना. तिने अंगठ्याने दंड दाबून धरला आणि दिवसभर घटकेघटकेला बाही वर करून पाहत राहिली. संध्याकाळपर्यंत काही उठलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने पेटीतून काचेच्या बांगड्या काढल्या आणि घातल्या. मनगटाला घट्ट बसत होत्या.

त्या रविवारी खुशनुमा लेकीला घेऊन आली. अफिफा तीन वर्षांची. नानीच्या मांडीवर बसायचं नाही, नानीला बाऊ होतो, हे तिला बोलायला लागायच्या आधीपासून शिकवलेलं. ती नेहमीसारखी नानीच्या समोर, हातभर अंतरावर बसून खेळू लागली. ताहेराने हात पसरले.

"ये."

पोर आधी आईकडे बघत राहिली. मग आली, घाबरत घाबरत, पाखरासारखी टेकली. थोड्या वेळाने सैलावली. आणि जेवणानंतर ताहेराच्या दंडावर डोकं ठेवून तोंड उघडं टाकून झोपली. दंडाला मुंग्या आल्या, हात बधिर झाला, तरी ताहेरा हलली नाही. खुशनुमा म्हणाली, "अम्मी, दे इकडे, वजन आहे तिचं." ताहेराने नुसती मान हलवली. वजनच तर हवं होतं.

संध्याकाळी निसारचा फोन आला. रोजचा प्रश्न त्याने विचारायच्या आत ती म्हणाली, "आता या."

"ईदला येतो ना."

"तसं नाही. कायमचे या. मी बरी आहे. पुन्हा माग घेऊ."

पलीकडे शिलाईयंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"ताहेरा," तो म्हणाला, "गोळी इथल्या पगारात येते. येवल्यात दोघांनी मिळून रात्रंदिवस विणलं तरी नाही येणार. मी आलो की गोळी थांबली."

तिला हे कसं सुचलं नव्हतं कुणास ठाऊक. ज्या गोळीने ती जवळ घेण्याजोगी झाली होती, तीच गोळी त्याला तिकडे बांधून ठेवत होती. ती "बरं" म्हणाली आणि इकडच्या पाण्याचं सांगू लागली.

पुढच्या तपासणीला तिने मनीषा मॅडमना विचारलं, "मॅडम, ही गोळी आपल्याकडे कधी मिळेल?"

"मिळेल, असं वाटतं. कधी आणि केवढ्याला, ते आज कुणी सांगू शकणार नाही. आणखी एक आहे. हा आजार कधी कधी आपला आपण शांत होतो. तसं वाटलं तर मी सांगेन, तेव्हा गोळी थांबवून बघू. पण मनाने थांबवायची नाही."

"नाही थांबवणार," ताहेरा म्हणाली. तिच्या मनात ते येऊन गेलं होतं, हे मॅडमनी ओळखलं असावं.

येवल्याला परतल्यावर ती लंकाबाईकडे गेली आणि तिच्या घरच्या मागावर रोजाने बसू लागली. सुरुवातीला बोटं ऐकेनात. एका मोराची मान अशी वाकडी झाली की लंकाबाई हसून हसून लोळली, "ताहेरा, मोर हाय का बदक?" तो उसवून पुन्हा भरावा लागला. पण आठवडाभरात हात परत आला. मजुरी हाती आली की त्यातला मोठा भाग ती खुशनुमाकडे गोळ्यांसाठी द्यायची. निसारला आधी हे पटलं नाही. "मी आहे ना," तो म्हणाला. "तुम्ही आहातच," ती म्हणाली, "पण मला तुम्ही इथे हवे आहात. माझा जेवढा हातभार, तेवढे लवकर याल."

बकरी ईदला तो आला. मुंबईहून रेल्वेने मनमाडला. ताहेरा एकटीच न्यायला गेली. गर्दीतून तो बॅगा ओढत आला तेव्हा तिला आधी ओळखूच आला नाही. फोनवर जाणवली नव्हती एवढी दाढी पांढरी झाली होती, खांदे उतरले होते. समोर येऊन तो थांबला, बरोबर हातभर अंतरावर, आणि दोन्ही हात मागे घेतले. सवयच ती. अंगवळणी पडलेली. बरी आहे, गांधी उठत नाहीत, हे सगळं त्याला माहीत होतं. हातांना माहीत नव्हतं.

ताहेरा पुढे झाली आणि तिने त्याचा हात धरून आपल्या खांद्यावर ठेवला. स्टेशनात, शेकडो माणसांसमोर. निसारने तो हलकेच टेकवला, भार न देता, कच्च्या रेशमावर ठेवावा तसा.

"ठेवा नीट," ती म्हणाली.

सुट्टी थोडीच होती. त्यातले निम्मे दिवस पाहुण्यांत गेले. निसार लंकाबाईच्या मागापाशी जाऊन उभा राहायचा, ताहेराचं विणणं बघायचा, पण बसायचा नाही. जरीकामाने नजर अधू झाली होती, बारीक धागा दिसत नाही म्हणाला. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसत. चटई खिडकीकडून परत आली होती. तो तिच्या मानेकडे, पाठीकडे टक लावून बघायचा, नकाशातलं न पाहिलेलं गाव बघावं तसं. "इथे यायच्या?" "इथे." "आणि मी विचारायचो आज कसं आहे." तिने त्याचा हात तिथेच दाबून धरला.

जायच्या दिवशी मनमाडच्या फलाटावर निरोपाच्या वेळी त्याने तिचं मनगट घट्ट धरलं, इतकं की एक बांगडी तडकली. गाडी हलेपर्यंत त्याने सोडलं नाही. ती बसने येवल्याला निघाली. खिडकीपाशी बसून तिने मनगट उलटं करून पाहिलं. त्याच्या बोटांची लाली अजून होती. पूर्वी दोन-तीन तासांत तिथे चार जाडजूड गांधी उठल्या असत्या, रात्रभर राहिल्या असत्या. घरी पोचेपर्यंत लालीही विरली. कातडी पुन्हा साधी, गव्हाळ, गप्प. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला वाटलं, आज एखादी उठली असती तर चाललं असतं. सकाळपर्यंत तरी राहिली असती.

मग ती उठली. संध्याकाळची गोळी घेतली, चहा टाकला. पुढच्या खेपेच्या डब्यासाठी मॅडमचं नवं पत्र लागणार होतं, त्यासाठी बुधवारी नाशिकला जायचं होतं, ते तिने खुशनुमाला फोन करून सांगितलं. लंकाबाईने दारातून विचारलं, "पोचला का गं त्यो?"

"विमान उडायचंय अजून," ताहेरा म्हणाली आणि फोन मांडीवर घेऊन बसली.